विषय: वाणाचे बटवे – नाडी ठेवायची की नाही?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या वाणासाठी शनिवारी 17 जानेवारीला दुपारी बटवे शिवायला बसतोय. गणपतीतले बटवे आठवत असतीलच. कडेची टीप थेट वरपर्यंत गेली, नेफा (नाडी ओवायची दुमड) बंद झाला आणि कितीतरी बटवे उसवत बसावं लागलं. या खेपेला बहुतेकजणी पहिल्यांदाच सुई धरणार आहेत. म्हणून नाडी रद्द करून तोंडाला वेलक्रो लावावा असं दोघीतिघींचं म्हणणं आहे. कापड म्हणून कपाटातले खण आहेतच. आज रात्रीपर्यंत कळवा, उद्या स्पॉटलाइटमध्ये (शिवणसामानाच्या दुकानात) जाणार आहे.

प्रेषक: सोलापूरच्या काकू

वेलक्रो नको गं. तिळगूळ काढताना चर्र आवाज करणारं वाण कुठल्या सवाष्णीला द्यायचं? आणि वेलक्रो हातानं शिवायला नाडीपेक्षा अवघड, सुई शिरत नाही त्यात.

चूक नाडीची नव्हती, क्रमाची होती. आधी कडा शिवल्या आणि मग नेफा दुमडला की असंच होणार. उलटं करायचं. 6 इंच रुंद, 16 इंच लांब अशी एकच पट्टी घ्या, म्हणजे तळाला शिवणच येत नाही. चारही कोपऱ्यांशी लांबीची कड 2 इंचांपर्यंत अर्धा इंच आत दुमडून धावदोरा घाला. मग दोन्ही टोकं आधी पाव इंच, नंतर एक इंच दुमडून नेफा शिवा. सगळ्यात शेवटी सुलट बाजू आत ठेवून पट्टी मधोमध दुमडा आणि कडा तळापासून वर शिवत या. नेफ्याची खालची टीप आली की थांबा. तिथे उलट टीप दोनदा घाला, कारण नाडी ओढली की ताण तिथेच येतो.

नाड्या दोन, प्रत्येकी 16 इंच. एक डावीकडून ओवून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच बाहेर काढायची, दुसरी उजवीकडून तशीच. टोकाला सेफ्टी पिन लावली की लहान मुलगीसुद्धा ओवते. दोन्हीकडून ओढलं की तोंड घट्ट मिटतं.

प्रेषक: खजिनदार

वाण द्यायचं ती रथसप्तमी रविवारी 25 जानेवारीला आहे आणि लागून सोमवारी सुट्टी. हॉलची चावी त्याआधीच्या शुक्रवारीच घ्यावी लागेल, नंतर कुणी भेटणार नाही. शिलाई मशिनं मराठी शाळेची आहेत, मंडळाची नाहीत. नेण्याआधी शाळेला विचारावं. गणपतीनंतर एकाचं बॉबिन केस मिळालेलं नाही.

प्रेषक: मराठी शाळा

बॉबिन केस शाळेनं नवीन आणलं आहे, तो विषय संपला. मशिनं देऊ, पण नवशिक्यांना ती द्यावीत असं मला मनापासून वाटत नाही. तीन मशिनांपुढे रांग लागते आणि जिची पाळी येते तिचा दोरा हमखास तुटतो. धावदोरा हातानं घालता आला की गप्पा मारत चार तासांत दोन बटवे सहज होतात. शाळेतल्या मुलींनी दिवाळीत तोरणाची पानं हातानंच शिवली होती. मुलांना अजून सुट्टी आहे, त्यांनाही आणा.

काकू, एक विनंती. वाण आपण इथे येणाऱ्या प्रत्येकीला देतो. नुसतं "बायकांना" म्हणूया.

प्रेषक: सोलापूरच्या काकू

बरोबर आहे तुझं. प्रत्येकीला.

प्रेषक: बेळगावचे काका

खणाला कृपया कात्री लावू नका. ते मी पाडव्याच्या गुढीसाठी आणून ठेवले आहेत, 19 मार्च काही लांब नाही. गुळेदगुड्डचे आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेला माल. आमच्या घरी खणांचं दुकान होतं. वडील खणाची त्रिकोणी घडी घालून ठेवायचे, काठ बाहेर दिसेल अशी, आणि ओटीसाठी आलेल्या बाईला तो तसाच हातात द्यायचे. गिऱ्हाईकानं घडी मोडून बघितली तर पुन्हा बसून घालायचे.

शिवाय नवशिक्याच्या हाताला ते कापड नको. कापल्या कडेचे धागे लगेच सुटतात, अर्ध्या इंचाची शिवण बघता बघता पाव इंचावर येते. तिळाच्या तेलाचा डागही त्यावर कायमचा बसतो.

प्रेषक: नवीन सभासद (बोरन्हाणवाली)

मध्येच विचारते. बटव्याऐवजी मी त्या दिवशी लेकासाठी काळं झबलं शिवू शकते का? भारतातून आलेलं झबलं जाड साटिनचं आहे. मेलबर्नच्या जानेवारीत ते घालून तो बोरं लुटायच्या आधीच रडेल. आणि हलव्याचे दागिने सासूबाई घेऊन येतायत, ते चालतात ना?

प्रेषक: मराठी शाळा

दागिने खाण्याचा पदार्थ म्हणून विमानातल्या कार्डावर जाहीर करायला सांग. लपवायचं काही नाही, फक्त विचारतील ते दाखवायचं.

झबल्याला काळं सुती मलमल घे. बाह्या नकोत, खांद्यावर नाडीच्या गाठी ठेव. म्हणजे डोक्यातून ओढावं लागत नाही आणि पुढच्या वर्षीही गाठ सैल करून होतं. गळ्याला तिरकी (कापड तिरकं कापून काढलेली) पट्टी लाव, सरळ पट्टी तिथे चुण्या पाडते.

प्रेषक: सोलापूरच्या काकू

खण राहू देत काकांकडे. माझ्याकडे दोन सुती सहावारी आहेत, एक हिरवी, एक काळी चंद्रकळा. एकीतून विरलेला भाग सोडून साठ बटवे आरामात निघतील. मी शुक्रवारी बेतून, पट्ट्या कापून आणते. तिळगूळ बटर पेपरमध्ये गुंडाळून मगच आत घाला.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

ठरलं. सुती साडी, दोन नाड्या, हातशिलाई. मी 7 नंबरच्या सुया, दोरा आणि नाडी आणते, इस्त्री कुणीतरी आणा. काकू, पहिला बटवा तुम्ही सगळ्यांसमोर शिवून दाखवा, फोटोवरून तो क्रम कळत नाही. काका, खण परत कपाटात ठेवते, वरच्या कप्प्यात.

प्रेषक: बेळगावचे काका

वरच्या कप्प्यात नको, तिथे छतातून ओल येते. मी शनिवारी येऊन घरी घेऊन जातो. इस्त्री आणतो.