इंग्लंडमधल्या ‘आपल्या’ रेडिओमागची माणसं कोण?

सदाशिवपेठ_आऊट:
मंडळाच्या दिवाळी अंकात इंग्लंडमधल्या आशियाई रेडिओवर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (‘तू तरुण आहेस, तुला जमेल,’ इति संपादक. मी ४१ वर्षांचा आहे.) तारखा नेटवर ढिगाने मिळतात, माणसं मिळत नाहीत. बीबीसी एशियन नेटवर्क, सनराइज वगैरे उभं कोणी केलं? आणि साहेब लोक सोडा, रोज माईकसमोर आणि फोनवर कोण बसायचं? त्यात कोणी मराठी होतं का? इथे जुने लोक आहेत म्हणून विचारतोय. विकीची लिंक देऊ नये, वाचून झाली आहे.

मध्यमलहरी:
जरा मागून सुरुवात कर. ऑक्टोबर १९६५ मध्ये बीबीसीने दर रविवारी सकाळी ‘अपना ही घर समझिए’ सुरू केलं. महेंद्र कौल आणि सलीम शाहिद ही दोन ठळक नावं. भाषा मुद्दाम हिंदी आणि उर्दूच्या मधली, म्हणजे जालंधरवाल्यालाही कळावी आणि लाहोरवाल्यालाही. पण ते ‘इथे कसं राहायचं’ हे शिकवणारं प्रकरण होतं.

एशियन नेटवर्क या नावाने १९८८ मध्ये लेस्टर आणि बर्मिंगहॅमच्या स्थानिक बीबीसी केंद्रांनी मिळून प्रसारण सुरू केलं. १९९६ ला त्याला स्वतःचा स्टुडिओ मिळाला आणि २००२ ला डिजिटलवरून ते देशभर गेलं. खाजगीत अवतार लिट यांचं सनराइज, साउथॉल भागातून, ५ नोव्हेंबर १९८९ पासून, चोवीस तास.

एक गंमत सांगतो. नव्वदीत लंडनमध्ये मध्यमलहरींवर १४५८ किलोहर्ट्झला सनराइज लागायचं आणि बर्मिंगहॅममध्ये त्याच १४५८ वर बीबीसीचं एशियन नेटवर्क. लंडन-बर्मिंगहॅमच्या एम-४० महामार्गावरून जाताना मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकांत घुसायची. लता एका कानात, कांद्याबटाट्याच्या घाऊक दुकानाची जाहिरात दुसऱ्या कानात.

लेस्टरची_काकू:
‘जुने लोक’ म्हणजे मीच की. १९७४ ला लेस्टरला आले. हे हॉस्पिटलात, मी होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशिनवर. बी.ए. मराठी. हसू नकोस.

माणसं शोधायची तर १९७२ पासून शोध. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशातून घालवलं, त्यातले सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या ‘युगांडा आर्गस’मध्ये जाहिरात दिली होती, की इथे येऊ नका, घरं आणि शाळा भरल्या आहेत. माझ्या शेजारच्या मशिनवरच्या बा म्हणायच्या, ‘लेस्टर नावाचं गाव आहे हे आम्हाला त्या जाहिरातीनेच कळलं!’

ही मंडळी मुकाट ऐकून घेणारी नव्हती. दुकानं चालवलेली, हिशेब ठेवलेले, तीन-तीन भाषा तोंडात. सत्तरच्या मध्यावर बीबीसी रेडिओ लेस्टरने संध्याकाळी सहाचा कार्यक्रम सुरू केला, चार्ल्स स्ट्रीटवरच्या एपिक हाउसमधून. डॉन कोटक आणि मीरा त्रिवेदी तो करायचे. पाच वाजता शिफ्ट सुटली की बायका पळत घर गाठायच्या. कोटकांनी पुढे १९९५ ला सबरस नावाचं स्वतःचं केंद्र काढलं, १२६० वर. सबरस म्हणजे गुजरातीत मीठ. त्यांच्या पाडव्याच्या पहाटे शकुनाचं म्हणून विकत घेतात ते. किती विचार करून नाव ठेवलंय बघ.

आता फोनवर कोण बसायचं ते. मी. सबरसमध्ये नव्हे, दुसऱ्या एका छोट्या केंद्रात, नाव राहू दे. नव्वदीत तीनेक वर्षं, दर शनिवारी. निवेदकांतला एक आठवडाभर सिटी बस चालवायचा, दुसरा केमिस्ट होता. पगार म्हणजे पेट्रोलचे पैसे आणि उरलेले समोसे. कॅसेटी घरून आणायच्या. पेन्सिल घालून टेप मागे फिरवत बसायचं, कारण मशीन गुंडाळायचं.

माझ्यापुढे दोन वह्या. निळी फर्माइशीची. तीन रकाने: कोणाकडून, कोणासाठी, गाणं. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा. ‘कोईपण चालशे, बेन.’ गाण्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, नाव आलं पाहिजे. लफबरोचे मामा, वेम्ब्लीच्या फोईबा (म्हणजे आत्या), नवीन सून. एक नाव गळलं की पाच मिनिटांत फोन.

लाल वही मयताची. ती चुकून चालायची नाही. नाव, मूळ गाव, आफ्रिकेतलं गाव, घराचा पत्ता, गिल्रोजच्या स्मशानात किती वाजता. सगळं दोनदा वाचून दाखवायचं. आधी एक भजन, मग शांतपणे वाचन, आणि पुढे दोन मिनिटं जाहिरात नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मालकाचीही तो मोडायची छाती नव्हती.

माझ्याकडून एकदा चूक झालीच. एकाच रस्त्यावर एकाच नावाचे दोन पटेल. मी घर क्रमांक उलटा लिहिला. पांढऱ्या साड्यांतल्या दहाबारा बायका भलत्याच दारात, आणि दार उघडलं ते खुद्द पटेलांनी. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन. मी घाबरून माफी मागायला लागले, तर म्हणाले, ‘ते राहू दे बेन, एक गाणं लावा. माझ्याकडून, माझ्यासाठी.’ कोणतं? ‘कोईपण चालशे.’

मराठीचं म्हणशील तर मी मालकांकडे गणपतीत अर्धा तास मागितला होता. ‘कितने घर?’ मी मंडळाची यादी काढून मोजली, त्रेचाळीस. एक आरती लागली, तीही अर्धी कापून.

गोंयकार_स्विंडन:
काकू, कोंकणीचंही तेच! माझे आजोबा नैरोबीत सरकारी कारकून. घरात कोंकणी, ऑफिसात इंग्रजी, बाजारात स्वाहिली, आणि रेडिओवर हिंदुस्तानी. इथे आल्यावरही रेडिओ हिंदुस्तानीच राहिला.

मध्यमलहरी:
@सदाशिवपेठ_आऊट, २०१० सोडू नकोस. बीबीसीने एशियन नेटवर्क बंद करायचा प्रस्ताव आणला होता, सिक्स म्युझिक या त्यांच्याच दुसऱ्या रेडिओ केंद्राबरोबर. सिक्स म्युझिक काही महिन्यांत वाचलं, एशियन नेटवर्कला २०११ उजाडलं आणि तेही खर्चाला मोठी कात्री लावून. माझं मत विचारशील तर तरुण पोरांसाठी सगळं इंग्रजीत नेता नेता त्यांनी काकूंच्या लाल वहीवाले श्रोते आधीच खाजगी केंद्रांना देऊन टाकले होते. भांडायला मग कोण येणार?

लेस्टरची_काकू:
तेवढंच नाही रे. माझी नात नेटवर्कच ऐकते, भांगड्याचं ते धडधड. तिला फोईबांचं नाव रेडिओवर नकोय, व्हॉट्सअ‍ॅप आहे. आणि मयतंही आता तिथेच कळतात, एकदम चार ग्रुपांवर.

सदाशिवपेठ_आऊट:
काकू, दोन पानांचं काम झालं! त्या वह्या आहेत का अजून? फोटो छापता येईल?

लेस्टरची_काकू:
निळी केंद्राबरोबर गेली. लाल माझ्याकडे आहे, गॅरेजमध्ये, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. आतली पानं छापायची नाहीत, लोकांच्या घरची आहेत ती. वरच्या पुठ्ठ्याचा फोटो काढ हवा तर. रविवारी ये, अकरानंतर. आणि घरच्या फोनवर कर, मोबाइल मला ऐकू येत नाही.