वापरलेली लेन्स विकली, आता खरेदीदार अर्धे पैसे परत मागतोय. मदत हवी आहे

कॅमेऱ्याची ५० मिमीची वापरलेली लेन्स ऑनलाइन विकली. चौथ्या दिवशी खरेदीदार म्हणतो, आत बुरशी आहे, लेन्स ठेवतो पण अर्धे पैसे परत द्या. पाठवण्याआधी मागून टॉर्च मारून काढलेले फोटो स्वच्छ आहेत, पॅकिंगच्या सलग व्हिडिओत सिरियल नंबरही दिसतो. त्याच्या फोटोत नंबरच नाही. आणि बुरशीचे सहसा जाळ्यासारखे धागे असतात, हे सुटे ठिपके मला धुळीचेच वाटतात.

लेन्स परत पाठवा, नंबर जुळला की पूर्ण रक्कम देतो, असं ॲपच्या चॅटमध्येच कळवलंय. परस्पर पैसे दिले तर तक्रार उघडीच राहते, तो पुन्हा परतावा मागू शकतो.

माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या मागच्या कडीचे) स्क्रू कुणी उघडलेत का, हे कसं ओळखायचं? पार्सल फोडताना काय काय चित्रित करावं?