क्लेम नाकारणारे रडे? मग ऐका

पऱ्हाटीवाला: काल इथं एकानं लिहिलं, ऑनलाइन ब्रिज या पत्त्यांच्या खेळात क्लेम (उरलेले हात माझेच म्हणून डाव तिथंच आटपायची मागणी) नाकारणारे सारे रडे, वेळ खातात. डोकंच फिरलं. परवाचा डाव सांगतो. बोली चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम. पाच पत्ते उरले अन् डिक्लेअररनं (बोली जिंकून डाव खेळणाऱ्यानं) 'उरलेले सारे माझे' दाबलं. खुलासा काहीच नाही. त्याच्यापाशी दोन हुकूम, तीन बदाम. माझ्यापाशी हुकमाची पंजी, जे तो विसरलाच होता. मी नाकारला, तसा गडी सावध! लगेच हुकूम काढला, माझी पंजी गेली, मग बदाम वाजवले. म्हणजे नाकारून मीच त्याले चुगली केली बाप्पा.

विहीरवाला: पण नाकारल्यावर त्याचे पत्ते तुले उघडे दिसले ना? मग रडतो कायले?

पऱ्हाटीवाला: उघडे पाहून पंजीचा एक्का होते का बे?

मास्तर_रिटायर: टेबलावर हे चाललं नसतं. क्लेम केला की खेळ थांबतो. कसं खेळणार ते तेव्हाच सांगायचं. बाहेरचा हुकूम विसरलेला वाटला आणि त्यानं हात जाऊ शकत असेल, तर डायरेक्टर, म्हणजे पंच, तो हात तुम्हाला देतो. 2017 च्या नियमांत पुढं खेळायची सोय आहे, पण विरोधकांनी मागितलं आणि चौघेही राजी असले तरच. ऑनलाइन मात्र नकार दिला की डाव आपला चालू!

विहीरवाला: मास्तर, नियम ठीक आहे. पण मी घाईनं क्लेम काऊन करतो, कोणी इचारलं? थ्री फेज लाइन येते रातच्याले. हरभऱ्याले पाणी द्याचं का तुमच्या पंजीची वाट पाहाची?

पऱ्हाटीवाला: ऑटो स्टार्टर बसव ना मंग.

विहीरवाला: बसवला होता! लाइन आली, मोटार आपोआप सुरू, अन् बांधावर पाइप निसटला. मी इकडे तीन बिनहुकमी खेळून राहिलो, तिकडे पाणी रातभर शेजाऱ्याच्या तुरीत. सकाळी तो काठी घेऊनच आला. म्हणे, "पाणी तुझं, चिखल माझा?" तवापासून स्वतः जातो. ऑटोचं नाव काढू नको.

मास्तर_रिटायर: धागा क्लेमचा आहे, हरभऱ्याचा नाही.

विहीरवाला: पेन्शनवाल्याले लाइनचं काय कळते!

मास्तर_रिटायर: माझीही चार एकर आहे. रात्री दोनला मीही उठतो. आणि 'हुकूम काढतो, मग बदाम' टाइप करायला दहा सेकंद लागत नाहीत.

विहीरवाला: बरं, तुमचंच खरं. टाकत जाईन, हुकूम आठवला तर. लाइन आली, निघालो. उरलेले हात माझे.

पऱ्हाटीवाला: नाकारला.