मदत हवी आहे: झेनॉन-१२९ च्या पिशवीचा सिग्नल स्कॅनरमध्ये पोचेपर्यंत निम्मा!

मुंबईत १.५ टेस्लाच्या मशिनवर फुप्फुसांच्या एमआरआयसाठी हायपरपोलराइज्ड झेनॉनची (लेझरने चुंबकीय ध्रुवीकरण, म्हणजेच सिग्नल, खूप वाढवलेल्या वायूची) जुळवाजुळव चालू आहे. माणसावर अजून काही नाही, फक्त पिशवीवर चाचण्या. सिग्नल टिपणारी कॉइल १७.६६ मेगाहर्ट्‌झला ट्यून आहे, सिग्नल मिळतो. पण:

१. एक लिटरच्या टेडलार (प्लॅस्टिक) पिशवीत टी-वन, म्हणजे ध्रुवीकरण विरून जाण्याचा काळ, जेमतेम ६ मिनिटं येतो. दर ३० सेकंदांनी ५ अंशांची पल्स देऊन मोजलाय.
२. स्पेक्ट्रम झकास, पण त्याच गॅसची ग्रेडियंट एको पद्धतीची, ८० ओळींची (ओळीमागे एक पल्स) प्रतिमा अगदी फिकी. फ्लिप अँगल (एक पल्स चुंबकन किती अंश कलवते तो कोन) २० अंश, ओळी क्रमाने.
३. पावसाळा लागल्यापासून पोलरायझरमधल्या (झेनॉनचं ध्रुवीकरण करणाऱ्या यंत्रातल्या) लेझरच्या डोक्यावर दव धरतंय. चिलर २० अंशांवर आहे.

आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १
पिशवीला. ५ अंशांच्या पल्सेसनी सिग्नल दर वेळी ०.४ टक्केच खर्ची पडतो, तेव्हा मोजणीत खोट नाही. संशय ऑक्सिजनवर, तोच ध्रुवीकरण खातो. खोलीच्या तापमानाला पिशवीत १ टक्का ऑक्सिजन असला तरी टी-वन पावणेपाच मिनिटांवर येतो, ०.१ टक्का असेल तर ४७ मिनिटं. तुमच्या ६ मिनिटांचा हिशेब सुमारे ०.८ टक्के ऑक्सिजनचा, म्हणजे लिटरमागे ३८ मिली हवा. पोलरायझरपासून पिशवीपर्यंतची नळी किती लांब आहे?

धागाकर्ता
१ मीटर, आतला व्यास ६ मिमी. पिशवी मात्र दर वेळी पंपाने रिकामी करतो.

प्रतिसाद १
मग चोर सापडला. त्या नळीतच २८ मिली हवा मावते आणि ती झेनॉनच्या पुढे धावत पिशवीत शिरते. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय! नळी जोडलेली ठेवूनच निर्वात करा, अतिशुद्ध नायट्रोजन भरा, पुन्हा ओढा, असं तीनदा. एकदाच ओढून भागत नाही, कारण पिशवी चिकटते आणि सुरकुत्यांत हवा अडकून राहते. चिमटे प्लॅस्टिकचे वापरा, आणि भरलेली पिशवी लोखंडी ट्रॉलीवरून नेऊ नका. असमान चुंबकीय क्षेत्रातून जातानाही ध्रुवीकरण गळतं.

प्रतिसाद २
दुसऱ्या मुद्द्याबद्दल. प्रोटॉनची (नेहमीच्या, हायड्रोजनवरच्या एमआरआयची) सवय इथे घात करते. तिथे चुंबकन दोन पल्सेसच्या मधे पुन्हा भरून येतं, इथे गाठीला बांधलेली पुंजी आहे, खर्चली की संपली. २० अंशांच्या ८० पल्सेसनंतर ०.७ टक्का उरतं. ओळी क्रमाने असतील तर के-स्पेसचा (प्रतिमेच्या कच्च्या मोजणीचा) मध्य, जिथून प्रतिमेचा उजळपणा ठरतो, चाळिसाव्या पल्सला येतो, तेव्हा शिल्लक ९ टक्के. ९ अंश ठेवलेत तर तिथे ६२ टक्के शिल्लक राहतं, आणि पल्स लहान असूनही त्या ओळीचा सिग्नल तिपटीच्या वर जातो. स्पेक्ट्रम पहिल्याच पल्सचा, म्हणून झकास.

पण मशिन म्हणतं ते २० अंश खरे २० आहेत का? प्रोटॉनवर झालेलं प्रीस्कॅन (मशिनने आधी आपोआप केलेली जुळणी) झेनॉनच्या कॉइलला लागू नाही. थोडा गॅस खर्च करून १० मिलिसेकंदांच्या अंतराने २० सारख्या पल्सेस द्या, मधे स्पॉइलर (आधीच्या पल्सचा उरलेला सिग्नल पुसणारा ग्रेडियंट) ठेवा. अँगल खरा असेल तर विसावा सिग्नल पहिल्याच्या ३१ टक्के येईल. कमी आला तर अँगल मोठा. ही चाचणी आधी, प्रतिमा नंतर.

प्रतिसाद ३
दवाचं: मुंबईत जुलैत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांच्या पाण्याने थंड केलेल्या धातूवर पाणी सुटणारच. चिलर २७ वर नेण्याचा मोह होईल, पण साध्या डायोडची तरंगलांबी अंशामागे सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते आणि ज्याच्यामार्फत झेनॉनचं ध्रुवीकरण होतं त्या रुबिडियमला ७९४.७ नॅनोमीटरच लागतात. त्यामुळे लेझरची पेटी बंद करून आत कोरडा नायट्रोजन सोडा, खोलीत डीह्युमिडिफायर लावा. एसी दुपारपुरता लावून बंद करणं सगळ्यात वाईट, थंड भागांवर दमट हवा येते.

गॅसच्या नळ्यांतही ओलावा जाऊ देऊ नका. तो झेनॉन गोठवून साठवणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या सापळ्यात गोठून वाट बुजवतो आणि रुबिडियमच्या काचेच्या सेलमध्ये शिरला तर रुबिडियमच खराब करतो. गोठलेला झेनॉन वितळवायचा तो कोमट पाण्यात, झपाट्याने. रेंगाळलात की तिथेही ध्रुवीकरण जातं.

धागाकर्ता
खूप आभार. उद्या नळीसकट निर्वात करून टी-वन पुन्हा मोजतो. पुढे माणसावर करताना वेळेचं काय?

प्रतिसाद २
फुप्फुसातल्या ऑक्सिजनमुळे तिथे टी-वन २० सेकंदांच्या घरात असतो, म्हणून श्वास रोखल्यावर १०-१५ सेकंदांत स्कॅन उरकावा लागतो. झेनॉन भूल देणारा वायू आहे. क्षणभर गरगरणं, मुंग्या येणं अपेक्षित धरा, ऑक्सिमीटर लावलेलाच ठेवा. अमेरिकेत एफडीएची (तिथल्या औषध नियामकाची) मान्यता डिसेंबर २०२२ ची, तेव्हा १२ वर्षांवरच्यांसाठी. इथे ती चालत नाही, नीतिमत्ता समिती आणि औषध नियंत्रकांचे कागद वेगळे. ते पिशवीच्या चाचण्या चालू असतानाच सुरू करा.