मांडीवरून आलेल्या तबकड्या

तुम्ही लिहिलंय की दिवाळीला भाच्याला ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी द्यायच्या आहेत, पण प्रवासात फुटतील म्हणून मन धजत नाही. बिनधास्त द्या! माझ्या संग्रहाची सुरुवातच अशा भेटींनी झाली.

मामा सुरतेला असायचे. दर दिवाळीला पॅसेंजरने अमळनेरला येताना दोन-तीन तबकड्या आणायचे, गोधडीत गुंडाळून. एका वर्षी मी सोबत होतो. नवापूरला, जिथे स्टेशन अर्धं गुजरातेत नि अर्धं महाराष्ट्रात आहे, त्यांनी गठुडं माझ्या मांडीवर ठेवलं, "आता तू सांभाळ रे भाऊ." अमळनेरपर्यंत मी पाय हलवला नाही. घरी पोचल्यावर फराळाच्या आधी ग्रामोफोनला चावी दिली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, तरी आजी चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती.

तबकड्या उभ्याच ठेवा, एकीवर एक रचू नका, मध्ये जाड पुठ्ठा घाला. आणि पुसायला स्पिरिट अजिबात नको. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते. माझी एक फार लाडकी तबकडी अशीच गेली. सोबत ग्रामोफोनच्या सुयांची डबी द्यायला विसरू नका.