साम्यवादोत्तर देशांचा सर्वेक्षण-डेटा: निर्देशांकाचा अल्फा ऋण का येतो?

रेघोटी: पोलंड, हंगेरी, रशिया, युक्रेन. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेच्या (अनेक देशांत फेऱ्यांनी होणारं लोकमताचं सर्वेक्षण) एकत्रित फाइलमधल्या ई०३५ (उत्पन्नातली समानता) आणि ई०३६ (उद्योगांची मालकी) यांची सरासरी घेऊन 'समाजवादी कल' मोजतोय. अल्फा (एकत्र केलेले प्रश्न एकच गोष्ट मोजतात का ते सांगणारा आकडा) ऋण येतो. शिवाय 'साम्यवादी राजवटीत काढलेली वर्षं' हे चल वयासोबत घातलं की प्रमाणत्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) प्रचंड फुगते. कुठे चुकतंय?

आकडेमोड: अल्फा ऋणच येणार. दोन्ही स्केल १ ते १०, पण तोंडं विरुद्ध दिशांना. ई०३५ मध्ये १ म्हणजे उत्पन्नं अधिक समान व्हावीत. ई०३६ मध्ये १ म्हणजे खासगी मालकी वाढावी आणि १० म्हणजे सरकारी. ई०३५ उलटवा: ११ वजा उत्तर. त्याआधी −१ (माहीत नाही), −२ (उत्तर नाही), −४ (विचारलंच नाही) हे संकेतांक रिकामे करा, नाहीतर −१ चे १२ होतात आणि सरासरी गुपचूप वर सरकते.

तरी दोन्ही एकत्र करू नका असंच सांगेन. पगारांतली दरी कमी हवी असलेल्याला कारखाना सरकारचा हवा असतोच असं नाही. आणि ई०३५ च्या १० या टोकाचे शब्द सातव्या वेव्हमध्ये (सर्वेक्षणाच्या फेरीत) बदललेत: आधी 'मोठी तफावत हवी, प्रोत्साहन म्हणून', आता नुसतं 'जास्त प्रोत्साहन हवं'. सहाव्या-सातव्या वेव्हमधला फरक लोकांचं मत बदलल्याचा पुरावा म्हणून मांडू नका.

नमुनेदार: दुसरा घोळ गणिताचा आहे. एका देशात, एकाच वर्षी विचारलं तर १९८९ आधी जन्मलेल्या बहुतेकांचं वय एकाने वाढलं की राजवटीतली वर्षंही एकाने वाढतात. मॉडेलला दोन्ही वेगळी कशी कळणार? अनेक देश आणि अनेक वेव्ह एकत्र घ्या. पोलंडमध्ये राजवट दुसऱ्या महायुद्धानंतरची, रशियात १९१७ पासूनची. हा फरकच कामाचा. पश्चिम युरोपातले देशही ठेवा, म्हणजे निव्वळ वयाचा परिणाम तिथून मिळतो. पूर्व आणि पश्चिम जर्मनीची तुलना उत्तम, पण युरोपियन सोशल सर्व्हेत पूर्वेचा नमुना मुद्दाम मोठा घेतात, म्हणून डिझाइन वेट (हा असमतोल भरून काढणारा भार) लावल्याशिवाय 'जर्मनी' असा एक आकडा काढू नका.

चारच देश असतील तर देशपातळीवरचं चल (दरडोई उत्पन्न वगैरे) घालू नका. उत्तरदाते हजारोंनी असले तरी त्या चलासाठी तुमच्याकडे निरीक्षणं चारच. देशांच्या डमी (दर देशासाठी ०/१ असं चल) पुरेत.

रेघोटी: ई०३५ उलटवल्यावर अल्फा धन आला, पण कमीच. दोन्ही वेगळे ठेवतो. बाजारव्यवस्थेबद्दल थेट प्रश्न कुठे मिळेल?

आकडेमोड: लाइफ इन ट्रान्झिशन सर्व्हे (मुख्यतः साम्यवादोत्तर देशांतल्या घरांचं सर्वेक्षण) बघा, पहिली फेरी २००६ ची, प्रत्येक देशात ५० ठिकाणं, दर ठिकाणी २० घरं. त्रुटी ठिकाणानुसार क्लस्टर करा, म्हणजे एका ठिकाणची उत्तरं एकमेकांसारखी असू शकतात हे धरून मोजा. तिथे पर्याय तीन: बाजारव्यवस्थाच बरी, काही परिस्थितीत नियोजित बरी, आमच्यासारख्यांना काही फरक पडत नाही. हा तिसरा पर्याय 'माहीत नाही' समजून गाळला जातो, ते फार चूक आहे. तो माणूस उत्तर देतोय. बहुपर्यायी लॉजिट (अनेक पर्यायांपैकी कोणता निवडला जातो याचं मॉडेल) चालवा आणि त्याला स्वतःची जागा द्या.