दादा दक्षिण सुदानहून आलाय पण पहिला दादा राहिला नाही

माझा मोठा भाऊ फौजेत, युनोच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला होता, आता सुट्टीवर औशाला घरी आलाय. आई वर्षभर दिवस मोजत होती आन् आता हा बोलतच नाही हो कुणाशी. रात्री दोन-तीनला उठून अंगणात फिरतो. वेळा अमावस्येला सगळे शेतात भज्जी-आंबील खायला बसलो, हा बाभळीखाली एकटाच, आणि लांब कुणीतरी फटाका फोडला तर पोरांना ओढून खाली पाडलं त्यानं, पोरं भ्याली, वैनी रडायला लागली. बाबा म्हणतात लग्नाकार्यात फिरवू, बरा होईल. काय करावं?

— गर्दीत नेऊ नका लगेच. माझे मामा १९८७ ला श्रीलंकेत गेले होते भारताच्या शांतिसेनेत, ती फौज मार्च १९९० पर्यंत होती तिथं. तिकडं सुरुंग लई, म्हणून मामा आल्यावर मातीच्या रस्त्यावर पाय टाकायला भ्यायचे, बांधाबांधानंच चालायचे. लोक हसायचे, त्याचा मला अजून राग येतो. आजी मात्र काही विचारायची नाही, रोज संध्याकाळी शेंगा फोडत नुसती शेजारी बसायची. वर्षभरानं आपणहून बोलले.

— फौजीची बायको आहे, परभणी. झोपेत हात लावून उठवू नका, लांबून नाव घेऊन हाक मारा. आणि टेलीमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) फौजी आणि घरच्यांसाठी तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. वैनीलाही बोलू द्या, तिचंही मन भरून आलंय.

— ताई, वैनीला नंबर दिला. आई काल शेंगा घेऊन बसली त्याच्याजवळ. दोन सोलून तिच्या हातात दिल्या त्यानं.